औषधाचे दुकान पाकिटांवर चालावे की सल्ल्यावर?

(लेखक आपल्या कारखान्याच्या दवाखान्यातून निवृत्त झालेले औषधनिर्माते असून कारखान्याचे सभासद आहेत. — संपादक)



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत ग्राहक भांडाराच्या मेडिकल दुकानाचा विषय निघाला होता, हे आपणांपैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. दुकान तोट्यात आहे, तालुक्याच्या गावी वीस टक्के सूट देणारी दुकाने झाली, मोबाईलवरून मागविले तर औषध घरपोच येते, मग हा पांढरा हत्ती पोसायचा कशाला, असा एकंदर सूर होता. मागच्या बाजूने कुणीतरी "द्या भाड्यानं आणि व्हा मोकळे!" म्हणून ओरडलं आणि टाळ्याही पडल्या. विषय पुढील सभेवर ढकलला गेला. मी त्या दिवशी काही बोललो नाही. घरातली एक गोष्ट अगदी ताजी होती आणि बोलायला उभा राहिलो असतो तर बोलणं धड झालं नसतं. आज लिहून सांगतो.

माझे थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणतो. वय ६८. रक्तदाबाची गोळी सात वर्षांपासून चालू. ज्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं असतं, तसली. दर महिन्याच्या पाच तारखेला तालुक्याच्या गावातील एका मेडिकलमधून ती आणायची हा त्यांचा नेम. मागच्या वर्षी आडसाली लागणीच्या धावपळीत त्यांचा गुडघा धरला. त्याच मेडिकलमध्ये "गुडघ्यावर काहीतरी द्या" म्हणाले. डायक्लोफेनॅकची गोळी मिळाली. दोन दिवसांत बरं वाटलं. झालं, तेव्हापासून दर आठवड्याला एक पाकीट. असे आठ महिने गेले. चैत्रात उन्हातान्हात उसाला पाणी पाजता पाजता पायांवर सूज आली, अन्नावरची वासना उडाली. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन २.४. मूत्रपिंडाला मार बसला होता. डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या टेबलावर ओतून घेतल्या आणि विचारलं, "ही रक्तदाबाची गोळी आणि ही दुखण्याची गोळी एकत्र किती दिवस घेताय?" दादा म्हणाले, "दोन्ही एकाच दुकानातल्या आहेत की!"

खरंच होतं ते. दोन्ही गोळ्या एकाच गल्ल्यावरून, एकाच माणसाच्या हातून आलेल्या. रक्तदाबाच्या काही औषधांबरोबर दुखण्याची ही गोळी महिनोन् महिने घेतली, त्यात अंगातलं पाणी कमी पडलं, तर मूत्रपिंडावर तिहेरी ताण येतो. हे औषधशास्त्र शिकलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ती गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही असा कायदा आहे, तोही त्या पाकिटावर छापलेला असतो. पण म्हणून तो दुकानदार वाईट माणूस आहे असं मी म्हणणार नाही. अडल्यानडल्याला उधारी देणारा मनुष्य आहे.

आणि मी तरी काय वेगळं केलं? आपल्या दवाखान्याच्या खिडकीत ३१ वर्षं उभा राहिलो. हंगामात सकाळच्या पाळीला शंभर-सव्वाशे माणूस रांगेत. "ही एक सकाळी, ही एक रात्री. पुढचा!" एवढंच माझं समुपदेशन. आणखी कुठली औषधं चालू आहेत, हे मी किती जणांना विचारलं असेल? हिशेब मांडला तर लाज वाटेल.

याचं मूळ स्वभावात नाही, हिशेबात आहे. औषध दुकानाचं पोट कशावर चालतं? पाकिटावरील नफ्यावर. सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधांवर २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे किरकोळ दुकानदाराला १६ टक्के नफा धरलेला आहे. इतर औषधांवर साधारण २० टक्के, असा धंद्याचा रिवाज. त्यातच नोकराचा पगार, जागाभाडं, फ्रीजचं वीजबिल, मुदत संपलेला माल. त्या दुकानदाराने दादांना पाच मिनिटं उभं करून "ही गोळी तुम्हाला चालायची नाही, डॉक्टरांना गुडघा दाखवा" असं सांगितलं असतं, तर त्याला काय मिळालं असतं? पाकीट विकलं गेलं नसतं आणि मागचं गिऱ्हाईक खोळंबलं असतं. सल्ला दिला की तोटा, गप्प बसून विकलं की नफा, असा हा हिशेब आहे.

आपल्याला हे नवीन नाही. केवळ वजनावर भाव होता तोवर आपण वजन पाहिलं. भाव उताऱ्याशी बांधला गेला तेव्हा कुठे जात कोणती, ऊस पक्व झाला का, तोडणीनंतर किती तासांत गव्हाणीत पडला, याची चौकशी सुरू झाली. ऊस तोच आणि शेतकरीही तोच होता. पैसे कशाचे मिळतात ते बदललं, म्हणून काम बदललं. औषध दुकानाचंही असंच करता येईल का, हा माझ्या लेखाचा विषय. ते कुठे करून पाहिलं आहे का? तर हो, इंग्लंडात गेली वीस वर्षं हा प्रयोग चालू आहे. तो सरळ रेषेत गेलेला नाही, म्हणूनच आपल्याला उपयोगी आहे.

इंग्लंडचं नाव काढलं की आपल्याला प्रथम रॉचडेल आठवतं. २१ डिसेंबर १८४४ रोजी तिथल्या २८ जणांनी, त्यांत बरेचसे विणकर, टोड लेनवर आपलं सहकारी दुकान उघडलं. पहिल्या दिवशी मांडलेला माल तो काय? पीठ, लोणी, ओटचं पीठ, मेणबत्त्या आणि साखर. बिनभेसळ माल आणि पुरं वजन एवढंच त्यांचं भांडवल. पुढे त्या चळवळीतून इंग्लंडात सहकाराची औषध दुकानंही निघाली. ती सुमारे ७७० दुकानं २०१४ साली ६२ कोटी पौंडांना एका खाजगी समूहाला विकण्यात आली, कारण सहकारी समूह त्या वेळी त्याच्या बँकेवरील संकटाने घेरला गेला होता. (पौंड म्हणजे आजच्या भावाने शंभर रुपयांच्या वर.) तात्पर्य, "द्या आणि व्हा मोकळे" हा ठराव सहकाराच्या माहेरघरीही झालेला आहे!

तिकडची मूळ व्यवस्था थोडक्यात अशी. ५ जुलै १९४८ पासून तिथे राष्ट्रीय आरोग्य सेवा आहे. डॉक्टर तपासणीचे पैसे घेत नाही. औषध दुकानं मात्र खाजगी. ती सरकारशी करार करून औषधं देतात. औषधाची ठरलेली किंमत सरकार दुकानाला भरून देतं आणि चिठ्ठीवरील प्रत्येक औषधामागे वेगळी मजुरी मिळते. ती काही वर्षं सव्वा पौंडाच्या आसपास होती. म्हणजे मजुरी होतीच, पण ती पाकीट मोजून देण्याची! चिठ्ठ्या जितक्या जास्त तितकी कमाई. पाच वर्षं विद्यापीठात व प्रशिक्षणात घालवलेला फार्मासिस्ट दिवसभर मागच्या बाजूला डबे मोजत बसे. डॉक्टरांकडे मात्र साध्या घसादुखीची रांग लागे.

२००५ च्या एप्रिलमध्ये नवा करार झाला. औषध देण्याखेरीज इतर सेवांचेही पैसे द्यायचे असं त्यात ठरलं. पहिली मोठी सेवा म्हणजे औषधांचा आढावा. जो रुग्ण बरीच औषधं घेतो त्याला बाजूला बसवून, कुठली गोळी कशासाठी, कशी घेता, काय त्रास होतो, हे विचारायचं. दर बैठकीला पुढे पुढे २८ पौंड मिळत आणि एका दुकानाने वर्षात ४०० बैठकांपर्यंत कराव्यात अशी मर्यादा होती. वाचायला किती छान! पण मर्यादेचं उद्दिष्ट व्हायला वेळ लागला नाही. काही मोठ्या साखळी दुकानांतून "चारशे पुऱ्या झाल्याच पाहिजेत" म्हणून नोकरांवर दडपण आल्याच्या तक्रारी तिकडच्या वर्तमानपत्रांत गाजल्या. ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यापेक्षा जो लवकर उरकेल त्याला बसवणं सोयीचं. आपल्याकडे आणीबाणीत नसबंदीच्या उद्दिष्टांनी काय केलं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना अधिक सांगायला नको. ही सेवा २०२१ साली बंद झाली.

दुसरी सेवा ऑक्टोबर २०११ मधली, आणि ती मला सर्वांत आवडली. दम्याचं, मधुमेहाचं, रक्तदाबाचं किंवा रक्त पातळ करण्याचं औषध कुणाला पहिल्यांदा सुरू झालं की फार्मासिस्ट त्याला समजावून देतो. मग एक-दोन आठवड्यांनी स्वतः फोन करून किंवा दुकानात बोलावून विचारतो: घेताय का? काय होतंय? पुन्हा दोन-तीन आठवड्यांनी आणखी एकदा. बस्स, एवढंच. पण यातली खुबी आपण आपल्या घरावरून ओळखावी. नवी गोळी सुरू होते, पहिल्या पंधरवड्यात चक्कर येते किंवा कोरडा खोकला लागतो, आणि माणूस गुपचूप गोळी बंद करतो. डॉक्टरांना वाटतं चालू आहे. सहा महिन्यांनी अर्धांगाचा झटका आला की कळतं. नॉटिंगहॅम विद्यापीठाने या सेवेची रीतसर तपासणी केली. दहा आठवड्यांनंतर गोळ्या नीट घेणाऱ्यांचं प्रमाण, ज्यांना ही सेवा मिळाली त्यांच्यात शंभरी दहाने जास्त भरलं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. ठरल्या दिवशी केलेला एक फोन, आणि तो करण्याबद्दल मजुरी.

पण फोनवर सगळं होत नाही. समोरासमोर बोलायचं तर जागा लागते. गल्ल्यावर पाच माणसं उभी असताना "तुम्हाला लघवीला जळजळ होते का?" असं कुठली बाई-माणूस ऐकून घेईल? त्यामुळे तिकडे दुकानातच दोघांना बसता येईल, दार लोटता येईल आणि बाहेर ऐकू जाणार नाही अशी खोली करणं हळूहळू सक्तीचं झालं. पोर्टस्मथ शहरात २००९ च्या सुमारास 'निरोगी जीवन औषधालय' नावाचा प्रयोग निघाला. त्यात गल्ल्यावरच्या मुला-मुलींपैकी निदान एकाला तरी धूम्रपान सोडवणं, वजन, दारू अशा विषयांचं शिक्षण दिलं. पुढे हीच अट सर्व दुकानांना लागली. फार्मासिस्टची मान मोकळी करायची तर डबे मोजणं नि तपासणं दुसऱ्या प्रशिक्षित माणसाकडे सोपवावं लागतं, हेही ओघाने आलंच. नाहीतर सल्ला देत बसला तर औषधाची रांग तुंबते आणि औषध देत बसला तर सल्ला राहतो. खिडकीतला माझा अनुभव हाच सांगतो.

२०२१ च्या ऑक्टोबरात रक्तदाब शोधण्याची सेवा आली. चाळिशी उलटलेल्या, रक्तदाब असल्याचं माहीत नसलेल्या माणसाने दुकानात यावं, दाब फुकट मोजून घ्यावा. जास्त निघाला तर चोवीस तास दंडाला बांधून ठेवायचं यंत्र मिळतं. ते दिवसा-रात्री आपोआप दाब नोंदवतं. डॉक्टरचा पांढरा कोट पाहून वाढणारा दाब कोणता आणि खरोखर वाढलेला कोणता, हे त्यावरून समजतं. दुकानाला साध्या मोजणीचे १५ पौंड आणि चोवीस तासांच्या मोजणीचे ४५ पौंड असा सुरुवातीचा दर होता. मोजणी डॉक्टरकडे कळवायची, उपचार डॉक्टरने करायचा.

आणि सर्वांत मोठं पाऊल ३१ जानेवारी २०२४ रोजी पडलं. सात साध्या दुखण्यांवर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय, ठरवून दिलेल्या नियमावलीप्रमाणे, फार्मासिस्टने तपासून औषध द्यावं असं ठरलं. घसादुखी, लहान मुलांचा कान दुखणं, सायनस, चावलेल्या किड्याची चिघळलेली जखम, त्वचेवरचे पिकणारे फोड, नागीण, आणि १६ ते ६४ वयाच्या स्त्रियांची साधी मूत्रमार्गाची जळजळ, अशी ती सात दुखणी. दहा हजारांवर दुकानं त्यात सामील झाली. प्रत्येक तपासणीला आरंभी १५ पौंड मिळत.

घसादुखीचंच पाहू. माणूस आला की पाच गोष्टी पाहायच्या. गेल्या चोवीस तासांत ताप होता का? घशात पू दिसतो का? दुखणं सुरू होऊन तीन दिवसांच्या आत आला का? टॉन्सिल लालबुंद सुजल्या आहेत का? आणि खोकला-सर्दी नाही ना? प्रत्येक 'हो'ला एक गुण. चार-पाच गुण आणि त्रास जबर असेल तरच पेनिसिलीनचा पाच दिवसांचा कोर्स. गुण कमी असतील तर प्रतिजैविक नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, पॅरासिटामॉल आणि "अमुक दिवसांत उतार नाही पडला तर परत या". आता मुख्य गोष्ट ऐका. औषध दिलं तरी मजुरी तेवढीच आणि समजूत घालून रिकाम्या हाताने पाठवलं तरी मजुरी तेवढीच. पाकीट विकण्याचा मोहच काढून घेतला आहे! आपल्याकडे घसा खवखवला की "पाचशेची गोळी द्या" म्हणून आपणच तीन गोळ्या सुट्या मागतो आणि दुकानदार कात्रीने कापून देतो. जंतू औषधांना दाद देईनासे होतात ते अशाने.

मात्र यातही एक गोम आहे. नियमावलीच्या दारातून जो आत आला त्याच्याच तपासणीचे पैसे. दारापर्यंत येऊन जो त्या व्याख्येत बसला नाही त्याच्यावर घालवलेल्या वेळाचे नाहीत. शिवाय महिन्याला १००० पौंडांचं ठोक अनुदान ठेवलं, पण त्यासाठी तपासण्यांचा आकडा गाठायचा. तो पहिल्या महिन्याला एक होता आणि चढत चढत ३० वर नेण्याचं ठरलं. जिथल्या डॉक्टरांनी रुग्ण आपणहून दुकानाकडे पाठवले तिथे आकडा भरला. जिथे डॉक्टर आणि दुकानदार यांचं बोलणंच नव्हतं तिथे मेहनत करूनही दुकानं मागे राहिली.

आणि याहून मोठं दुखणं मुळाशी होतं. सेवा वाढत चालल्या तरी मूळ कामाचे पैसे आटले. इंग्लंडातील औषध दुकानांना सरकारकडून मिळणारी एकूण रक्कम २०१५-१६ साली २८० कोटी पौंड होती. ती कापून २०१७-१८ पर्यंत २५९ कोटींवर आणली आणि पुढे २०२४ पर्यंत जवळजवळ त्याच आकड्यावर गोठवली. या काळात महागाई कुठल्या कुठे गेली. दुकानं बंद पडू लागली; साडेअकरा हजारांच्या वर होती ती साडेदहा हजारांच्या आसपास आली. अखेर २०२५-२६ साठी रक्कम ३०७ कोटी पौंडांपर्यंत वाढवावी लागली. आपण कारखानदारीत हे पाहिलेलंच आहे. आसवनी असो, सहवीजनिर्मिती असो, जोडधंदा कारखान्याला हात देतो; पण मूळ गाळपच मोडीत निघालं तर मळी यायची कुठून आणि बगॅस तरी कुठून?

आता आपल्या दाराशी येऊ. आपला कायदा वेगळा आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक देण्याची मुभा इथे फार्मासिस्टला नाही, आणि ती द्यावी असं मी म्हणतही नाही. उलट १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविकं, क्षयरोगाची औषधं अशी ४६ औषधं वेगळ्या यादीत टाकली आहेत. ती देताना डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध व संख्या वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. पण रुग्णाला समजावून सांगणं हे मात्र फार्मासिस्टच्या कामातच धरलेलं आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत ते लेखी आहे. प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट घरी, असं चित्र अनेक ठिकाणी दिसतं, तिथे समजावणार कोण हा प्रश्न निराळा.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. मुंबईत २००६ च्या सुमारास इंडियन फार्मास्युटिकल असोसिएशनने काही औषध दुकानदारांना शिकवून क्षयरोगाच्या उपचारात सामील करून घेतलं. रुग्ण दुकानात येऊन दुकानदारासमोर गोळी घेई. २०१८ पासून तर क्षयाची औषधं नेणाऱ्या रुग्णाची नोंद सरकारला कळवणं दुकानदारांवर बंधनकारक आहे. आपल्या भागात हंगामात उसतोड टोळ्या येतात. त्यांच्यापैकी कुणाचा क्षयाचा कोर्स गावी सुरू झाला आणि तोडीवर आल्यावर गोळ्या संपल्या, तर त्याने कुणाला विचारायचं? मुकादमाला? त्याला पहिलं दिसतं ते मेडिकलच.

स्वस्त औषधाचा मुद्दा मी टाळत नाही. २००८ पासून जनऔषधी दुकानं निघाली, गरिबाची मोठी सोय झाली. वीस टक्के सूटही खोटी नाही. दादांच्या महिन्याच्या तीनशे रुपयांच्या औषधात साठ रुपये वाचत होते. दवाखान्याचं बिल ४२ हजार झालं.

तर भांडाराच्या मेडिकलबद्दल माझं म्हणणं असं. ते बंद करण्यापूर्वी किंवा भाड्याने देण्यापूर्वी एक वर्ष निराळ्या पद्धतीने चालवून पाहावं. खताच्या पोत्यांची थप्पी लावतो तो कोपरा रिकामा करून तिथे पार्टिशन घालावं. एक टेबल, दोन खुर्च्या, दंडाला बांधायचं चांगलं रक्तदाब यंत्र. आपल्या दुकानातील फार्मासिस्ट मुलगा हुशार आहे, पण तो पावत्या फाडतो, माल उतरवून घेतो, वर भांडाराची स्टॉकवहीही लिहितो. ते काम दुसऱ्याकडे देऊन त्याला रोज दोन तास मोकळे द्यावेत. ज्या सभासदाच्या घरी रक्तदाब किंवा साखर आहे त्याच्या नावाची वही दुकानात असावी, आणि औषध कुठूनही घेतलेलं असो, ते त्या वहीत लिहावं. नवं औषध सुरू झालेल्या माणसाला दहाव्या दिवशी फोन करावा. ऊस तोडणीचा निरोप जसा गट ऑफिसकडून वेळेवर येतो तसा हा फोन यावा. आणि शंका आली तर औषध न बदलता सरळ डॉक्टरला चिठ्ठी लिहावी. ती आपल्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी वाचावी, असं त्यांच्याशी आधी बसून ठरवावं. तिकडे जिथे हे ठरलं नाही तिथेच गाडं अडलं, हे वर लिहिलं आहेच.

पैशाचं काय? सभासद कल्याण निधीतून दर कुटुंबामागे वर्षाला एक ठरावीक रक्कम दुकानाला द्यावी. विक्रीवर कमिशन नको आणि "महिन्याला इतके तपासलेच पाहिजेत" असा आकडाही नको. किती द्यावी ते संचालक मंडळाने हिशेब करून ठरवावं. मी औषधवाला आहे, जमाखर्चवाला नाही. दुकानाचा मूळ तोटा या रकमेने भरून काढायचा प्रयत्न मात्र करू नये. माल वेळेवर न भरल्याने गिऱ्हाईक परत जातं, तो तोटा वेगळा आहे, त्याची चौकशी वेगळी व्हावी.

काही संचालकांनी मला खाजगीत विचारलं, "अण्णा, हे डॉक्टरांचं काम, मेडिकलवाला कशाला?" डॉक्टर एका वेळी आपली चिठ्ठी पाहतो. दादांची गुडघ्याची गोळी कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती. ती ज्याला दिसत होती तो एकच माणूस होता, गल्ल्यापलीकडचा.

दादांचं क्रिएटिनिन आता १.६ वर आलं आहे. पूर्वीइतकं खाली येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. दुखण्याची गोळी बंद, गुडघ्याला शेक आणि पट्टा. पाणी पाजायला आता पुतण्या जातो, दादा बांधावर बसून सूचना करतात.

सभेचा निर्णय होईल तेव्हा होईल. तोवर दर सोमवारी, बाजारच्या दिवशी, सकाळी १० ते १ या वेळेत मी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसायचं कबूल केलं आहे. डॉक्टरांची संमती घेतली आहे. मोबदला नाही. येताना घरातील सगळी औषधं एका पिशवीत घालून आणावीत. चालू असलेली, अर्धी राहिलेली, शेजाऱ्याने दिलेली, मुंबईच्या मुलाने पाठवलेली, चूर्ण, काढे, कंबरदुखीची 'गावठी' म्हणून मिळणारी पुडीसुद्धा. पाकिटं फाडून सुट्या गोळ्या डबीत भरल्या असतील तर डबी तशीच आणावी. चष्मा विसरू नये, आणि औषध जो देतो-घेतो ते घरातलं माणूस बरोबर असावं. बहुतेक घरांत ती सूनबाई असते. तिलाही घेऊन यावं.